तारीख वाढेल म्हणून थांबलो, वाढला फक्त एक दिवस

पत्र थोडक्यात : ताई नाशिकला एका पतसंस्थेत अकाउंट्स बघतात. सून बीकॉम झालेली म्हटल्यावर लग्नानंतर लगेचच घरातल्या सगळ्यांचे इन्कम टॅक्स रिटर्न त्यांच्याकडे आले. सासरे, सासूबाई, नवरा, धाकटे दीर आणि त्या स्वतः, असे पाच. यंदा, २०२५ ला, दिरांनी कागद दिले १३ सप्टेंबरला, तेही अर्धे. पगार अकरा लाख, आणि वर्षभरात एफ अँड ओमध्ये (शेअर बाजारातले फ्युचर्स-ऑप्शन्सचे सौदे) ३ लाख ४० हजारांचा तोटा. १५ सप्टेंबर ही शेवटची तारीख, त्या दिवशी पोर्टल रखडत होतं, घरात सगळे म्हणाले तारीख ३० पर्यंत जाणारच, आणि ताईंनाही तसंच वाटलं. वाढला एकच दिवस, दुसऱ्या दिवशी ऑफिस होतं, रिटर्न राहिलं ते राहिलंच. आता जाऊबाई म्हणतात, आमचं लाखभराचं नुकसान केलंत. दिरांचा न्यू जर्सीतला मित्र सांगतो मुदतवाढीचा अर्ज करता येतो, ब्रोकरकडचा माणूस सांगतो ऑडिट करून घ्या म्हणजे १० डिसेंबरची तारीख लागेल, आणि दीर म्हणतात आईच्या आजारपणाचं सर्टिफिकेट आणून देतो. भरीत भर म्हणजे सासऱ्यांचं रिटर्न १२ सप्टेंबरला भरलं पण ई-व्हेरिफाय (रिटर्न आपलंच आहे ही ऑनलाइन खात्री) झालंच नाही, ओटीपी आधारला जोडलेल्या त्यांच्या बंद पडलेल्या नंबरवर जात होता. हे ताईंना आता नोव्हेंबर २०२५ मध्ये कळलंय आणि घरात अजून सांगितलेलं नाही. प्रश्न दोन : अर्ज करू का, आणि पुढच्या वर्षी हे काम सोडून देऊ का?

ताई,

तुमच्या पत्रात दीर आणि जाऊबाई चार परिच्छेद आहेत आणि सासरे शेवटच्या दोन ओळींत. मी उलटं करतो, कारण दिरांचं जे व्हायचं ते १६ सप्टेंबरलाच होऊन गेलंय, सासऱ्यांचं मात्र अजून बरंचसं तुमच्या हातात आहे आणि रोज थोडं थोडं निसटतंय.

रिटर्न अपलोड केल्यापासून ३० दिवसांत व्हेरिफाय करायचं असतं. आधी १२० दिवस होते, ऑगस्ट २०२२ पासून ३० झाले, आणि पुष्कळ लोकांच्या डोक्यात अजून ते जुने चार महिनेच बसलेत. म्हणजे सासऱ्यांची मुदत १२ ऑक्टोबरला संपली. त्यानंतर व्हेरिफाय केलं तर ज्या दिवशी व्हेरिफाय कराल तीच रिटर्न भरल्याची तारीख धरतात, १२ सप्टेंबर नाही. म्हणजे वेळेत भरलेलं रिटर्न उशिराचं ठरतं आणि त्याला लेट फी लागते. तुम्ही आकडे दिलेत म्हणून सांगतो, पेन्शन ५ लाख ४० हजार, एफडीचं व्याज ७० हजार, त्यातून ७५ हजारांची स्टँडर्ड वजावट गेली की राहिले ५ लाख ३५ हजार. २०२४-२५ च्या उत्पन्नाला नव्या पद्धतीत ७ लाखांपर्यंत कलम ८७एची टॅक्समाफी होती, त्यामुळे टॅक्स शून्य, आणि बँकेने टीडीएस म्हणून आधीच कापलेले ७ हजार परत मिळायला हवेत. पण लेट फी ५ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर १ हजार असते आणि त्याच्या वर गेलं की सरळ ५ हजार. सासरे ३५ हजारांनी वर आहेत. ७ हजारांच्या रिफंडमधले ५ हजार असेच जातील.

पण इथे रस्ता आहे. मुदत उलटल्यावर व्हेरिफाय करायला गेलात की पोर्टल उशिराचं कारण विचारतं आणि उशीर माफ करण्याची विनंती तिथेच टाकता येते. कारण खरं आहे तेच लिहा, आधारशी जोडलेला मोबाइल नंबर बंद होता, ओटीपी आला नाही, करदाता ज्येष्ठ नागरिक. मंजूर झाली तर फी वाचते, नाही झाली तर ५ हजार जातील पण रिटर्न तरी जिवंत राहील, कारण व्हेरिफाय न केलेलं रिटर्न म्हणजे भरलंच नाही असं धरतात आणि मग रिफंडचं नावच नको. आणि ओटीपीसाठी आधारचा नंबर बदलून येईपर्यंत थांबू नका, त्यांच्या पेन्शनच्या बँक खात्याला चालू नंबर असेल तर नेट बँकिंगमधून किंवा खात्यावरच्या कोडने व्हेरिफाय होतं, अगदी काहीच जमलं नाही तर पावतीची प्रिंट काढून सही करून बेंगळुरूला स्पीड पोस्टने पाठवता येते. हे सगळं ३१ डिसेंबरच्या आत. का, ते पुढे येतंय.

आणि सासऱ्यांना आज सांगा. माझा अंदाज आहे की तुम्हाला पाच हजारांची भीती वाटत नाहीये, भीती वाटतेय ती 'हिच्याकडून हेही राहिलं' या वाक्याची. पण नंबर त्यांचा बंद होता, व्हेरिफाय त्यांच्याच ओटीपीने होणार, त्यांना अंधारात ठेवून हे काम पुरं होतच नाही. शिवाय एक चांगली बातमीही देता येईल. १ एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठांच्या एफडी व्याजावर एका बँकेत वर्षाला १ लाखापर्यंत टीडीएस कापतच नाहीत, आधी ही मर्यादा ५० हजार होती. म्हणजे ७० हजार व्याज असेल तर पुढच्या वेळी रिफंडच्या मागे लागायची वेळच येऊ नये.

आता मुदतवाढीचा अर्ज. तुमच्या दिरांचा न्यू जर्सीतला मित्र खोटं बोलत नाहीये, तो त्याच्या देशातलं सांगतोय. अमेरिकेत १५ एप्रिलच्या आत ४८६८ नंबरचा फॉर्म टाकला की कारण न विचारता १५ ऑक्टोबरपर्यंत रिटर्न भरायला वेळ मिळतो. (टॅक्सचे पैसे मात्र १५ एप्रिललाच भरायचे, तिथे गेलेल्या आपल्या कित्येक पोरांना हे दंडाची नोटीस आल्यावर कळतं, पण तो विषय वेगळा.) आपल्याकडे असा वैयक्तिक अर्जच नाही. तारीख वाढते ती कलम ११९ खाली सीबीडीटीने, म्हणजे आयकर खात्याच्या केंद्रीय मंडळाने, वाढवली तर, आणि सगळ्यांसाठी किंवा एका गटासाठी. मागणी करतात सीएंच्या संघटना, व्यापाऱ्यांच्या संघटना, कधी कोर्टात जातात. यंदा टॅक्स ऑडिटच्या (धंद्याचे हिशोब सीएकडून तपासून घेण्याच्या) तारखेसाठी राजस्थान आणि कर्नाटक हायकोर्टाने सप्टेंबरात आदेश दिले तेव्हा ती ३० सप्टेंबरची ३१ ऑक्टोबर झाली आणि मग १० नोव्हेंबर. तुमचा-माझा अर्ज यात कुठे बसत नाही.

आणि 'दरवर्षी वाढतेच' याचा एकदा हिशोब मांडूया कारण तुमच्या घरातलं सगळं त्याच्यावर उभं होतं. २०१९ ला ३१ जुलैची ३१ ऑगस्ट झाली. २०२० ला कोविडमुळे वाढत वाढत १० जानेवारी २०२१ पर्यंत गेली. २०२१ ला नवीन पोर्टलच धड चालत नव्हतं म्हणून ३१ डिसेंबर. लोकांच्या डोक्यात ही तीन वर्षं पक्की बसली. पण त्यानंतर २०२२, २०२३, २०२४, तिन्ही वर्षं ३१ जुलै म्हणजे ३१ जुलै, एक दिवस नाही. यंदा १५ सप्टेंबर मिळाली ती फॉर्म बदलले म्हणून, आणि तीही २७ मेलाच जाहीर केली होती, शेवटच्या रात्री नाही. म्हणजे यंदाची मुदतवाढ तुमच्या घराला आधीच मिळून गेली होती, दीड महिन्याची, आणि दिरांनी तीही १३ सप्टेंबरपर्यंत खाल्ली. १५ तारखेपर्यंत सात कोटींवर रिटर्न भरले गेले, त्यात शेवटच्या दोन दिवसांत घुसणारे तुमच्यासारखे किती असतील विचार करा, पोर्टल रखडणार नाही तर काय. तुम्हीही थांबलात हे तुम्ही पत्रात प्रांजळपणे लिहिलंय, त्यामुळे त्यावर मी अजून काही बोलत नाही.

ऑडिटची युक्ती. १० डिसेंबर २०२५ ही तारीख खरी आहे पण ती ज्याला कायद्याने ऑडिट लागू आहे त्याला. हौस म्हणून ऑडिट करून ती तारीख घेता येत नाही. एफ अँड ओची उलाढाल म्हणजे काँट्रॅक्टची अवाढव्य रक्कम नव्हे, प्रत्येक सौद्यातला नफा किंवा तोटा, अधिक-उणे न बघता नुसते आकडे मिळवत जायचे. व्यवहार सगळे बँकेतून असतील तर १० कोटींपर्यंत ऑडिट लागत नाही. दिरांनी आधी कधी ४४एडी (छोट्या धंद्यांना ठरावीक टक्क्याने नफा दाखवायची सोय) घेऊन मग सोडलेलं नसेल तर त्यांना ऑडिटचा प्रश्न येत नाही असं मला तरी दिसतं, ब्रोकरचं स्टेटमेंट घेऊन एखाद्या सीएला अर्धा तास दाखवा आणि विषय बंद करा. तसंही ऑडिट रिपोर्टची १० नोव्हेंबर केव्हाच गेली.

मग पोर्टलवर सर्व्हिसेसमध्ये 'कंडोनेशन रिक्वेस्ट' दिसतं ते काय? तेच बहुतेक दिरांना कोणीतरी दाखवलंय. ती मुदतवाढ नाही, उशीर माफ करण्याची विनंती आहे, कलम ११९(२)(ब). रिफंड अडकला असेल किंवा तोटा पुढे न्यायचा असेल आणि उशीर खरंच हाताबाहेरच्या कारणाने झाला असेल तर करता येते, आकारणी वर्ष (कमाईच्या पुढचं वर्ष) संपल्यापासून पाच वर्षांच्या आत. १ कोटीपर्यंतचा दावा असेल तर प्रिन्सिपल कमिशनर किंवा कमिशनर बघतात, शक्यतो सहा महिन्यांत निकाल द्यावा असं १ ऑक्टोबर २०२४ च्या सर्क्युलरमध्ये आहे. तिथे 'खरी अडचण' दाखवावी लागते. हॉस्पिटल, पूर, घरातला मृत्यू, अशा गोष्टी. 'आमच्या भावजींनी कागद १३ तारखेला दिले' ही अडचण खरी आहे हे मला मान्य आहे पण कमिशनरला नाही पटणार. १५ तारखेचे पोर्टल अडकल्याचे स्क्रीनशॉट वेळेसकट असतील तर सीएकडून अर्ज लिहून घ्या, प्रयत्न करायला हरकत नाही. पण त्या अर्जाच्या भरवशावर ३१ डिसेंबर सोडायची नाही.

सासूबाईंच्या सर्टिफिकेटचं मात्र सरळ नाही म्हणा. त्या आजारी नव्हत्या. खोटं कारण सरकारी अर्जात जाणार, त्यावर सही दिरांची, टाइप तुम्ही करणार, आणि सासूबाईंचं स्वतःचं रिटर्न तर त्याच दिवसांत वेळेत भरलेलं आहे, कोणी ताडून पाहिलं तर? आणि समजा नाही पाहिलं, तरी पुढच्या वर्षी कोण आजारी पडणार आहे?

आता त्या लाखभराच्या नुकसानाकडे येऊ, कारण तुम्ही ते खरं धरून चाललाय आणि मला तिथेच शंका आहे. कागद घेऊन बसू.

उशिरा भरल्याने तीन गोष्टी होतात. एक, लेट फी ५ हजार. दोन, जुनी पद्धत, म्हणजे गुंतवणूक, कर्जाचं व्याज अशा वजावटी मिळतात ती, हातातून गेली, देय तारखेनंतर भरलेल्या रिटर्नला नवीच पद्धत लागते (आणि दिरांना एफ अँड ओमुळे धंद्याचं उत्पन्न असल्याने जुनी पद्धत निवडल्याचा १०-आयईए फॉर्मही वेळेत भरावा लागला असता). त्यांच्या ऑफिसने टीडीएस जुन्या पद्धतीने कापलाय. गुंतवणुकीचे, कलम ८०सीचे दीड लाख, फ्लॅटच्या कर्जाचं २ लाख व्याज, मेडिक्लेमचे २५ हजार आणि ५० हजारांची स्टँडर्ड वजावट, म्हणजे जुन्यात करपात्र ६ लाख ७५ हजार आणि टॅक्स सेससकट ४९,४००. नव्यात फक्त ७५ हजार वजा, करपात्र १० लाख २५ हजार, टॅक्स ५५,९००. फरक साडेसहा हजार. त्यावर उशिराचं, कलम २३४एचं व्याज, महिना किंवा महिन्याच्या तुकड्याला एक टक्का, डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात भरलं तर दोनशेच्या आसपास. शिल्लक १० हजारांच्या आत आहे म्हणून ॲडव्हान्स टॅक्सचं व्याज लागत नाही. एकूण रोख फटका झाला पावणेबारा हजारांच्या आसपास. कमी नाही, पण लाख कुठे आणि हे कुठे.

तीन, एफ अँड ओचा तोटा पुढे नेता येत नाही. वेळेत भरलं असतं तर आठ वर्षं नेता आला असता. लाखाचा आकडा यातूनच निघाला असणार. ३ लाख ४० हजारांवर ढोबळ वीस टक्के धरले तर ६८ हजार होतात, पण कधी? पुढच्या आठ वर्षांत दिरांना धंद्याचा तेवढा नफा झाला तर. पगारातून तो कधीच वजा होत नाही, ना यंदा ना पुढे. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जो अभ्यास काढला त्यात आधीच्या तीन वर्षांत एफ अँड ओ करणाऱ्या शंभर वैयक्तिक ट्रेडरमधले ९३ तोट्यात होते. जाऊबाईंना हे सांगा असं मी म्हणणार नाही, घरात राहायचंय तुम्हाला. पण ३ लाख ४० हजार घालवले कोणी आणि बोलणी कोण खातंय, एवढं स्वतःशी तरी स्पष्ट असू द्या.

दिरांचं रिटर्न आता उशिराचं म्हणून ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत भरता येईल. तोटा पुढे जात नाही ना, मग एफ अँड ओ दाखवायचंच कशाला, साधा एक नंबरचा फॉर्म टाकून मोकळं होऊ, असं कोणीतरी सुचवेल. तसं करू नका. फॉर्म तीन नंबरचाच लागतो, आणि बँकेचं व्याज वगैरे असेल तर यंदाच्या यंदा तो तोटा त्यातून वजा करता येतो, उशीर झाला तरी. आधी वाढीव टॅक्स, व्याज आणि फी चलनाने भरा, मग रिटर्न, आणि त्याच बैठकीत व्हेरिफाय. ३१ डिसेंबर गेली तर मग अपडेटेड रिटर्नच उरतं, त्यात टॅक्स आणि व्याजाच्या वर २५ टक्क्यांपासून ७० टक्क्यांपर्यंत जादा रक्कम लागते, जितका उशीर तितकी जास्त, आणि त्यातून रिफंड मागता येत नाही. सासऱ्यांसाठी ३१ डिसेंबर का म्हणालो ते यामुळे.

राहिला पुढच्या वर्षीचा प्रश्न. 'सोडू का' असं विचारताय पण पत्रभर तुम्हाला हे काम आवडतं असंच दिसतं, सासूबाईंचा पहिला रिफंड आला तेव्हाचं तुम्ही जे लिहिलंय ते काम टाकून देणाऱ्या माणसाचं लिहिणं नाही. पूर्ण सोडायची गरज नाही असं मला वाटतं, पण आत्ता आहे तसं चालू ठेवू नका. सासू-सासरे, नवरा आणि तुमचं ठेवा. दिरांचं सोडा. त्यांचं रिटर्न आता ट्रेडिंगचं झालंय, ते सीएचं काम आहे, त्याचे दोन-चार हजार त्यांनी द्यावेत. हे बोलायला तुमच्या नवऱ्याला पुढे करा, भाऊ त्यांचा आहे, आणि तुमच्या पत्रात या सगळ्या प्रकरणात ते काय म्हणाले याची एकही ओळ नाही हे मला जरा खटकलं.

बाकीच्यांसाठी सरकारच्या तारखेच्या आधीची घरची तारीख ठरवा, ३० जून. फॉर्म १६ (पगार आणि कापलेल्या टॅक्सचा दाखला) ऑफिसकडून १५ जूनपर्यंत येतो, पेन्शनचाही बँकेकडून येतो, एआयएस (आपल्या वर्षभराच्या व्यवहारांचं पोर्टलवरचं स्टेटमेंट) तोवर बऱ्यापैकी भरलेलं असतं, दोन आठवडे पुष्कळ झाले. आणि एखादा कागद राहिलाच तर त्याच्यासाठी रिटर्न अडवून ठेवू नका, हाताशी आहे त्यावरून खरं खरं वेळेत भरा, नंतर काही सुटलेलं सापडलं तर ३१ डिसेंबरपर्यंत दुरुस्त रिटर्न भरता येतं आणि त्याला लेट फी नाही, मूळ वेळेत असेल तर तोटाही पुढे जातो. यंदा १३ सप्टेंबरला अर्धे कागद घेऊन दिरांचं असंच भरून ठेवलं असतं तर ही वेळ आली नसती, पण हे त्या वेळी कोणालाच सुचत नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू, त्यात कलमांचे नंबर वेगळे आहेत, त्यामुळे मी वर दिलेले नंबर पाठ करत बसू नका, तारखा दर वर्षी पोर्टलवर बघून घ्या.

अजून एक, पत्रात जाता जाता लिहिलंय की पाचही जणांच्या प्रोफाइलला मोबाइल आणि ईमेल तुमचाच आहे. ते बदला. नोटीस आली, सदोष रिटर्न म्हणून १५ दिवसांत उत्तर मागितलं, तर ते ज्याचं त्याला कळलं पाहिजे, तुम्ही बाळंतपणाला माहेरी असाल किंवा ऑडिटमध्ये अडकलेल्या असाल तर पाच जणांची डाक एकट्या तुमच्या फोनमध्ये पडून राहणार. तुमचा नंबर दुसरा संपर्क म्हणून ठेवता येतो.

तर या रविवारी सासऱ्यांना घेऊन बसा, बँकेला कोणता नंबर जोडलाय ते आधी बघा. आणि दिरांना ब्रोकरचं टॅक्स स्टेटमेंट, फॉर्म १६ आणि स्वतःचा फोन घेऊन समोर बसायला सांगा, ओटीपी सांगायला नुसता फोन करून चालणार नाही.